शरद जोशी म्हणजे नेमके कोण? एक नाव, अनेक माणसं आणि मधल्या नावाची किंमत

हिंगणा तालुक्यातल्या एखाद्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यासमोर 'शरद जोशी' हे नाव घ्या. त्याच्या डोळ्यांसमोर छातीवरचा लाल बिल्ला येईल, शेतकरी संघटनेच्या सभा येतील, कापसाच्या भावासाठी झालेली आंदोलनं येतील.

आता तेच नाव हिंगणा एमआयडीसीत मध्य प्रदेश किंवा उत्तर प्रदेशातून येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या हिंदी भाषक कामगारासमोर घ्या. त्याला थोडंफार वाचनाचं वेड असेल, तर तो हसत म्हणेल, "व्यंग्य लिखते थे ना?"

दोघंही बरोबर आहेत. आणि दोघंही वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत आहेत.

नागपूर हे १९५६ पर्यंत मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होतं. त्यामुळे पुण्यात किंवा लखनौत ज्या नावाचा एकच अर्थ लागतो, त्या नावाचे या भागात दोन अर्थ लागू शकतात. शरद जोशी हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण.

दोन शरद जोशी, दोघंही सरकारवर नाराज

पहिले शरद जोशी वयाने मोठे. जन्म २१ मे १९३१, उज्जैन. हिंदीतले आघाडीचे व्यंगलेखक. कविसंमेलनाच्या मंचावर कवितेऐवजी गद्य वाचायचं आणि तरीही सभा जिंकायची, ही त्यांची खासियत. 'नवभारत टाइम्स'मधलं त्यांचं 'प्रतिदिन' हे सदर हिंदी पट्ट्यात घराघरांत वाचलं जायचं. टीव्हीवरची 'ये जो है जिंदगी' ही मालिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी त्यांचं लेखन ऐकलं आहे, भले नाव लक्षात नसेल. १९९० मध्ये पद्मश्री मिळाली आणि ५ सप्टेंबर १९९१ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

दुसऱ्या शरद जोशींचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ चा, साताऱ्यातला. भारतीय टपाल सेवेत अधिकारी, मग स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून ते १९७७ च्या सुमारास भारतात परतले आणि चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला लागले. शेती का परवडत नाही, याचा हिशेब त्यांनी स्वतःच्या वहीत मांडला आणि त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. चाकणचा कांदा, निपाणीचा तंबाखू, विदर्भाचा कापूस. मागणी एककलमी होती: शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव. २००४ ते २०१० ते राज्यसभेत होते. १२ डिसेंबर २०१५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

गंमत अशी की दोघांचंही निशाण एकच होतं. सरकारी योजना, त्यातला दिखाऊपणा आणि त्यात भरडला जाणारा सामान्य माणूस. एकाने त्यावर लोकांना हसवलं, दुसऱ्याने त्यासाठी रस्ते अडवले. त्यामुळे हिंदीत शरद जोशींच्या नावावर फिरणारं सरकारविरोधी वाक्य मराठी माणसाला शेतकरी नेत्याचं वाटणं आणि उलटही होणं, यात नवल काही नाही.

पण अशा सरमिसळीत एखाद्याचं खरं कामच हरवतं. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. तो 'एक' म्हणजे शेतकऱ्यांचे शरद जोशी. नुसतं एवढंच वाचलं तर माणूस बायकांच्या विरोधातला वाटेल. पण याच माणसाने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं आणि 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेतून नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली होती. त्यांचा आक्षेप मतदारसंघ चिठ्ठी टाकून आळीपाळीने राखीव करण्याच्या पद्धतीवर होता. हे सगळं समजायला आधी माणूस कोणता, हे नक्की व्हावं लागतं.

तीन वसंत, तिन्ही संगीतकार

नाव आणि आडनाव दोन्ही जुळणं ही तशी दुर्मीळ गोष्ट. नुसतं नाव जुळणं मात्र पिढीवर अवलंबून असतं. साधारण १९१० ते १९४० या काळात जन्मलेल्या मराठी कर्तबगार माणसांची यादी काढली तर 'वसंत' किती आहेत ते बघून थक्क व्हायला होतं.

मराठी संगीतातच तीन. वसंत देसाई, वसंत प्रभू आणि वसंत पवार. जुन्या गाण्यांच्या गप्पांत कुणी "संगीत वसंतचं" एवढंच म्हणालं, तर पुढचा प्रश्न "कुठल्या?" हाच येतो. साहित्यात वसंत कानेटकर, वसंत बापट, वसंत सबनीस, आणि थोडे पुढच्या पिढीतले वसंत आबाजी डहाके. विज्ञानात वसंत गोवारीकर, ज्यांचं नाव मान्सूनच्या अंदाजाच्या मॉडेलशी जोडलेलं आहे. राजकारणात वसंत साठे, ज्यांच्या माहिती व नभोवाणी मंत्रिपदाच्या काळात १९८२ मध्ये देशात रंगीत टीव्ही आला.

आणि महाराष्ट्राचे दोन मुख्यमंत्री. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. सांगलीचे वसंतदादा पाटील त्यांच्यानंतर, एकापेक्षा जास्त वेळा. पण या दोघांची गल्लत कधी कुणी केली नाही, कारण मराठीने त्याची सोय नावातच करून ठेवली आहे. एक 'राव', दुसरे 'दादा'. हे शब्द नुसते आदरासाठी आहेत असं वाटतं, प्रत्यक्षात ते ओळखपत्राचं काम करतात. 'दादा' म्हटलं की आडनावाची गरजच उरत नाही.

दोघंही 'राव' असले की मात्र आडनावाला पर्याय नसतो. नागपूरकरांना हे रोजच्या सवयीचं आहे. शहरातल्या जुन्या मॉरिस कॉलेजला आता वसंतराव नाईक यांचं नाव आहे, आणि नाटकं-कार्यक्रम जिथे होतात ते सिव्हिल लाइन्समधलं सभागृह डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या नावाचं. हे देशपांडे म्हणजे मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात घडलेले गायक, 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब. रिक्षावाल्याला नुसतं "वसंतराव" सांगून चालत नाही. "देशपांडे हॉल" म्हणावं लागतं.

जयंत पाटलांच्या पक्षाचा जयंत पाटलांना पाठिंबा

नाव आणि आडनाव दोन्ही जुळण्याची शक्यता काही आडनावांमध्ये जास्त असते. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, जोशी ही मुळात कामाची किंवा वतनाची नावं. गाव तिथे पाटील होताच. त्यामुळे या आडनावाची माणसं एकाच घराण्यातली असण्याचं कारण नाही, आणि ती राज्यभर पसरलेली असतात. अशा आडनावाला त्या पिढीतलं लोकप्रिय नाव जोडलं की झालं.

महाराष्ट्राच्या विधिमंडळात बरीच वर्षं दोन जयंत पाटील होते. एक इस्लामपूरचे, राष्ट्रवादीचे, राज्याचे माजी अर्थमंत्री. दुसरे अलिबागचे, शेतकरी कामगार पक्षाचे, विधान परिषदेतले. पहिल्यांच्या वडिलांचं नाव राजाराम, दुसऱ्यांच्या वडिलांचं प्रभाकर.

जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेच्या ११ जागांसाठी १२ उमेदवार उभे राहिले. शेकापच्या जयंत पाटलांना शरद पवारांच्या राष्ट्रवादीने पाठिंबा दिला, आणि त्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते जयंत पाटील. १२ जुलैला निकाल लागला. पडलेला एकमेव उमेदवार होता जयंत पाटील. राजकारण न पाहणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी बातम्या ऐकून नेमकं कोण पडलं हे कळायला थोडा वेळ लागला असेल, तर दोष त्याचा नाही.

२,११० मतं

इथपर्यंत हा सगळा मामला गमतीचा आहे. मतदान यंत्रासमोर तो गमतीचा राहत नाही.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमधून शिवसेनेचे अनंत गीते जिंकले. राष्ट्रवादीचे सुनील तटकरे हरले, अवघ्या २,११० मतांनी. त्याच यंत्रावर आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना ९,८४९ मतं पडली. ही सगळी मतं चुकून पडली असं कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण ज्यांचा प्रचार मतदारसंघात फारसा कुणी पाहिला नव्हता, त्या उमेदवाराला जवळपास दहा हजार मतं कशी, याचं दुसरं उत्तरही कुणी दिलेलं नाही.

केरळमध्ये हे आधीच घडून गेलं होतं. २००४ मध्ये आलप्पुळात काँग्रेसचे व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी हरले, आणि व्ही. एस. सुधीरन नावाच्या अपक्षाने आठ हजारांवर मतं घेतली. छत्तीसगडच्या महासमुंदमध्ये २०१४ साली तर कहरच झाला. भाजपचे चंदूलाल साहू यांच्यासमोर चंदूलाल किंवा चंदूराम साहू नावाचे दहा अपक्ष उभे होते. खरे चंदूलाल तरीही अजित जोगींना १,२१७ मतांनी हरवून निवडून आले.

नागपूर जिल्ह्यातही हा डाव पाहायला मिळाला. २०२४ च्या विधानसभेला काटोलमध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून माजी गृहमंत्री अनिल देशमुखांचे चिरंजीव सलील देशमुख उभे होते. समोर अजित पवारांच्या राष्ट्रवादीने उमेदवार दिला, त्याचं नाव अनिल देशमुख. माजी मंत्र्यांचं पूर्ण नाव अनिल वसंतराव देशमुख, या उमेदवाराचं अनिल शंकरराव देशमुख. म्हणजे ज्या अनिल देशमुखांना काटोल ओळखतं ते यंत्रावर नव्हते, आणि जे यंत्रावर होते ते ते नव्हते. शेवटी जागा भाजपचे चरणसिंग ठाकूर घेऊन गेले.

मग यावर बंदी का नाही?

कारण आईवडिलांनी ठेवलेल्या नावावर बंदी घालता येत नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सारखी नावं असलेले डमी उमेदवार रोखावेत, अशी मागणी करणाऱ्या याचिकेवर ३ मे २०२४ ला सुनावणी झाली. खंडपीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती भूषण गवई, मूळचे अमरावतीचे आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले. एखाद्याचं नाव जन्मतःच राहुल गांधी किंवा लालूप्रसाद यादव ठेवलं असेल, तर त्याला निवडणूक लढवण्यापासून कसं अडवणार, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. न्यायालयाने याचिका ऐकायला नकार दिला.

म्हणजे नाव अडवता येत नाही. माणूस ओळखू येईल एवढीच सोय करता येते. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये ती आहे. दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा दुसरं काही जोडून त्यांच्यात फरक दाखवला पाहिजे. पण वडिलांचं नाव वेगळं असलं की पूर्ण नाव 'सारखं' ठरत नाही, आणि डमी उमेदवाराचा सगळा खेळ याच फटीतून चालतो. घाईत असलेला मतदार पहिला आणि शेवटचा शब्द वाचतो. मधला शब्द वाचणारे कमीच.

म्हणून निवडणूक आयोगाने १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावायला सुरुवात केली. २०२५ मध्ये बिहारपासून हे फोटो रंगीत आणि आकाराने मोठे झाले. चिन्ह होतंच, त्यात चेहरा आला. तरीही २०२४ मध्ये ज्यांना असे उमेदवार उभे करायचे होते त्यांनी ते राज्यात ठिकठिकाणी केलेच, यावरून फोटोचा उपाय कितपत पुरतो याचा अंदाज येतो.

सामान्य माणसासाठी हीच भानगड मतदार यादी, सातबारा आणि बँकेच्या पासबुकात येते. एकाच गावात एका नावाचे दोन खातेदार असले की अनुदान दुसऱ्याच्या खात्यात जाण्याची भीती असते. एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर आणि तिसऱ्यावर 'राव' लागलेलं, असं झालं तर तहसील कार्यालयाबाहेर बसलेल्या लेखनिकाकडून 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र करून घ्यावं लागतं. फरक मोठा असेल तर राजपत्रात नावबदल छापून आणण्यापर्यंत गोष्ट जाते. मतदार यादीत म्हणूनच नावासोबत वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. केंद्रावरचा अधिकारी नाव हाकारतो, पण खूण करतो ती बाकीचं जुळल्यावर.

मराठी नावात वडिलांचं नाव मध्ये घालण्याची रीत दक्षिणेतल्या आद्याक्षरांपेक्षा किंवा उत्तरेतल्या 'कुमार', 'प्रसाद'पेक्षा या बाबतीत जास्त उपयोगी ठरली आहे. ११ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने तिच्यात आणखी एक भर घातली. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. निर्णय आईला मान देण्यासाठी झाला, पण त्यामुळे दोन सारख्या नावांमध्ये फरक दाखवणारा एक शब्द आणखी वाढला. चार शब्दांच्या नावाची ही पहिली मुलं हिंगण्याच्या मतदार यादीत येतील २०४२ मध्ये.