चूक कबूल करण्याचें धैर्य

१९७१ च्या आरंभीं विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानें पतौडींच्या जागीं अजित वाडेकर कर्णधार झाले, तेव्हां आमच्या आजोबांनीं ‘हा अन्याय होय’ असा निकाल घरांत देऊन टाकला. आम्ही त्या वेळीं शाळकरी; वडिलांपुढें बोलण्याची प्राज्ञा कोणाची? पुढें वेस्ट इंडीजमध्यें नवख्या गावसकरांनीं चार कसोट्यांत ७७४ व सरदेसायांनीं ६४२ धावा काढून मालिका १-० अशी जिंकून दिली. ‘दैवयोग!’ आजोबा म्हणाले.

मग ओव्हल. पहिल्या डावांत आपण ७१ धावांनीं मागें. परंतु चंद्रशेखरांनीं ३८ धावांत सहा गडी टिपून इंग्लंडला १०१ वर गुंडाळलें. विजयास १७३ हव्या होत्या. २४ ऑगस्ट, गणेशचतुर्थी. शेवटच्या दिवशीं वाडेकर आरंभींच धावचीत झाले. घरांत शांतता पसरली. सायंकाळीं आरतीच्या सुमारास रेडिओनें चार गड्यांनीं विजय झाल्याची वार्ता दिली. आजोबांनीं निरांजन खालीं ठेविलें व सर्वांदेखत म्हणाले, “मुलांनो, वाडेकरांविषयीं आमची चूक झाली.”

पुढें अध्यापनांत आम्ही पुष्कळ सुभाषितें शिकविलीं. परंतु वडीलधाऱ्या मुखांतील त्या एका वाक्याची सर कोणत्याहि सुभाषितास आली नाहीं.