मालक गेला, पण पाटील आला तर?

ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले. त्यांचा गुन्हा काय? नाझी सलाम ठोकायला नकार देणाऱ्या एका जर्मन माणसाचे जुने छायाचित्र आणि गोरख पांडे यांची एक कविता! पुढच्याच महिन्यात पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले. निळी खूण देताना जात पाहिली जाते काय, असा सवाल बहुजन तरुणांनी जाहीरपणे विचारला. कंपनीने पक्षपाताचा आरोप नाकारला. त्या नोव्हेंबरात हजारो भारतीयांनी ट्विटरला पर्याय म्हणून मॅस्टोडॉनवर खाती उघडली. परंतु थोड्याच दिवसांत बहुतेक जण पुन्हा जुन्या जागी परतले.

ते का परतले, याचा विचार चळवळीने केला पाहिजे. कारण प्रश्न मिटलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतले आणि एका माणसाच्या मर्जीने नियम बदलले, नावही बदलले. ‘स्वदेशी’ म्हणून गाजवलेले कू जुलै २०२४ मध्ये बंद पडले. मालक परदेशी असो की देशी, जागा त्याची असेल तर आपण तेथे भाडेकरूच!

मालक नसलेल्या जागा म्हणून आज प्रामुख्याने तीन नावे घेतली जातात.

पहिले मॅस्टोडॉन. जर्मनीतील ऑयगन रोख्को यांनी २०१६ मध्ये ते सुरू केले. त्याची रचना ई-मेलसारखी आहे. याहूवाल्याचे पत्र जीमेलवाल्याला पोहोचते, तसे एका सर्व्हरवरचे लिखाण दुसऱ्या सर्व्हरवर वाचता येते. प्रत्येक सर्व्हरचा चालक वेगळा, नियम वेगळे. सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत नेता येतात, पण जुने लिखाण मागेच राहते.

दुसरे ब्लूस्काय. ट्विटरमध्येच २०१९ मध्ये ही कल्पना निघाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सर्वांना खुले झाले. येथे आपली ओळख आणि लिखाण दोन्ही उचलून दुसरीकडे नेण्याची सोय आहे. वापरायलाही सोपे. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस एक्सवर बंदी घातली, तेव्हा तेथील लाखो लोक थेट ब्लूस्कायवर गेले. मात्र बहुतेक सगळी खाती आजही एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत. दार आहे, पण त्यातून बाहेर पडणारे फार थोडे.

तिसरे नॉस्टर. तेथे खाते म्हणजे एक गुप्त किल्ली. ती कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पण हरवली तर परत मिळत नाही आणि चोरीला गेली तर दाद मागायला कार्यालयच नाही.

आता मूळ मुद्दा. मालक हटला म्हणजे माणूस मुक्त झाला काय? संविधान सभेत अनेकांना ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यरचना हवी होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी त्यांना स्पष्ट उत्तर दिले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके आहे, असे सांगून मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला, याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. सत्ता दिल्लीहून गावात आली तर ती पाटलाच्या वाड्यात जाईल, महारवाड्यात नव्हे, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

मॅस्टोडॉनचा प्रत्येक सर्व्हर हे असेच एक गाव आहे. चालक भला असेल तर सुख. नसेल तर त्याच्यावर अपील नाही. २०१९ मध्ये गॅब हा द्वेषखोरांचा अड्डा मॅस्टोडॉनच्याच प्रणालीवर आला. तेव्हा इतर अनेक सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले, हे योग्यच झाले. परंतु हेच हत्यार एखाद्या चालकाच्या रागापोटी चालले, तर त्या गावातील निरपराध माणसेही वाळीत पडतात. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २०२३ मध्ये हजारो खाती असलेल्या ‘मॅस्टोडॉन डॉट लोल’च्या चालकाने होणाऱ्या त्रासाला कंटाळून सर्व्हरच बंद केला. सगळ्यांना बिऱ्हाड हलवावे लागले.

कायद्याची बाजूही बिकट आहे. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम केवळ बड्या कंपन्यांना नाहीत. छोटा सर्व्हर चालवणाऱ्यालाही तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते, आदेश मुदतीत पाळावे लागतात. चुकला तर कलम ७९ चे संरक्षण जाते. कलम ६९-अ ची टांगती तलवार आहेच. मे २०२३ मध्ये केंद्राने चौदा संदेश-ॲप रोखले, त्यात विकेंद्रित मॅट्रिक्स जाळ्यावर चालणारे एलिमेंटही होते. दुसरीकडे, ऑनलाइन जातिवाचक शिवीगाळ अॅट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकते, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. पण सर्व्हर परदेशात आणि चालक एखादा हौशी तरुण असेल, तर शिवी देणाऱ्याचा पत्ता पोलिसांनी कोणाकडे मागायचा? शिवाय मराठीतली आडवळणाची जातिवाचक शिवी त्या चालकाला कळणार कशी?

म्हणून २०१९ चे लोक परतले, त्यात केवळ त्यांचा आळस नव्हता. सर्व्हर कोणता निवडावा हे कळत नव्हते, ओळखीचे कोणी तेथे नव्हते, आणि ज्यांना जाब विचारायचा ते मंत्री, संपादक, अधिकारी सगळे ट्विटरवरच होते. रिकाम्या मैदानात सभा कोण घेणार?

मग काय करावे? मोठी जागा आज सोडू नये. पण तेथेच सर्वस्व ठेवू नये. प्रत्येक संघटनेने आपल्या लिखाणाची, छायाचित्रांची प्रत स्वतःकडे उतरवून ठेवावी. दुसरे खाते आजच उघडावे आणि त्याचा पत्ता पहिल्या खात्यावर जाहीर करावा. जायचे तर एकेकट्याने जाऊ नये, गटाने जावे. आणि कोणी आपला सर्व्हर उभारणार असेल, तर तो एका उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर व खिशावर नको. ‘सोशल डॉट कॉप’ हा सर्व्हर सभासद सहकारी तत्त्वावर चालवतात. महाराष्ट्रात सहकार म्हटले की साखरसम्राट आठवतात, हे खरे. म्हणूनच आधी लेखी घटना हवी. चालक निवडून यावा, हिशेब जाहीर व्हावा, खाते बंद करण्यापूर्वी नोटीस आणि नंतर अपील असावे, सर्व्हर बंद करायचा तर पुरेशी मुदत द्यावी.

१९२० मध्ये बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, कारण दुसऱ्यांच्या पत्रांत आपल्या प्रश्नांना जागा नव्हती. आपले साधन हवे, हा धडा आपण तेथून घेतला. माणसाचा हक्क लेखी आणि बंधनकारक असला पाहिजे, हा दुसरा धडा त्यांनी संविधानातून दिला. नव्या जागेत पाऊल टाकताना हे दोन्ही धडे सोबत असू द्या!