कृत्रिम हिरवळ : गालिच्याखालचा हिशेब

हिरव्या गवतावर पाऊल पडू नये, हा संस्कार आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामुळे गच्चीवर प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली की पाणी वाचते, कापणी टळते आणि वनस्पतिकायाची विराधनाही होत नाही, असे अनेक श्रावकबंधूंना वाटते. विचार चांगला आहे. हिशेब मात्र एवढ्यावर पुरा होत नाही.

१९६६ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या छत असलेल्या क्रीडागृहात हे गवत गाजले. तेथे उन्हाअभावी खरे गवत जगेना. आपल्या गच्चीवर ऊन मुबलक. प्लॅस्टिकचे तंतू खऱ्या गवतासारखे बाष्प सोडून थंड होत नाहीत. वैशाखातल्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.

खरी कसोटी चातुर्मासात. उतार नीट नसेल तर गालिच्याखाली पाणी साचते, शेवाळ धरते, मुंग्या व बारीक जीव आसरा घेतात. जी विराधना टाळायची, तीच पायाखाली न दिसता घडते. म्हणून गालिचा चिकटवू नये. उचलता येतील अशा लहान तुकड्यांत अंथरावा आणि आषाढापूर्वी, कोरड्या दिवसांतच, हलक्या हाताने झाडून गुंडाळून ठेवावा.

घसारा धरल्याशिवाय हिशेब जुळला असे मला वाटत नाही, बँकेतली सवय! उन्हाने तंतू ठिसूळ होऊन तुटतात. तंतू आणि पाठीचा थर वेगवेगळ्या द्रव्यांचे, त्यामुळे पुनर्वापरही सोपा नाही. मातीच्या अंगणात तर हा गालिचा मुळीच घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे तुळशीभोवतीची उघडी माती झाडून स्वच्छ ठेवली तरी पुरे.