शिडीवर नजर

एडनच्या आखाताआधीचे दोन-तीन दिवस डेकवर एकच काम चालतं, काटेरी तार बांधण्याचं. चामड्याचे हातमोजे चढवून खलाशी तारेची वेटोळी उलगडतात आणि कठड्याच्या बाहेरच्या अंगाला बांधत जातात. पातं लागलं तर कपड्यासकट कातडी फाटते. माल भरलेलं आमचं बल्क कॅरिअर पाण्यात खोल बसलेलं, वेग जेमतेम १२ नॉट. १८ नॉटच्या वर धावणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची नोंद नाही, असं मार्गदर्शिकेत छापलेलं होतं. ते वाचून आम्ही फक्त हसलो. पळता येत नाही, लढायला शस्त्र नाही. चढणाऱ्याला मदत येईपर्यंत अडवायचं, एवढंच हाती. म्हणून तार, म्हणून बाहेर रोखलेले पाण्याचे होज.

येमेन आणि सोमालिया यांच्यामधून जाणारा मार्ग आखून दिलेला आहे. येण्या-जाण्याला ५-५ सागरी मैलांच्या पट्ट्या, मध्ये २ मैल मोकळे. भारतीय नौदल इथे २००८ पासून गस्त घालतं.

ब्रिजवरची टेहळणी मात्र डोकं शिणवते. आखातात मासेमारीच्या होड्या भरपूर, आणि येमेनी कोळ्यांकडेही बंदुका असतात. दुर्बिणीत बंदूक दिसली म्हणून ते चाचेच, असं म्हणता येत नाही. आमचा सारंग दाभोळचा. तो म्हणाला, "साहेब, बंदूक सोडा, शिडी बघा. जाळं टाकायला शिडी कशाला लागते?"

कुणी चढलंच तर इंजिन बंद करून सगळ्यांनी सिटाडेलमध्ये, म्हणजे आतून बंद होणाऱ्या बळकट खोलीत शिरायचं. पाणी, कोरडा शिधा, सॅटेलाइट फोन आधीच ठेवलेले. सरावात आमचा कुक शेवटी आला, डाळ करपेल म्हणून. कॅप्टन त्याच्यावर भडकला ते बरोबरच होतं. एक माणूस जरी बाहेर सापडला, तरी तो ओलीस होतो आणि सोडवायला आलेल्या कमांडोंचे हात बांधले जातात.

जानेवारी २०२४मध्ये सोमालियाजवळ 'लीला नॉरफोक'वर चाचे चढले, तेव्हा १५ भारतीयांसह २१ जण सिटाडेलमध्ये होते. 'आयएनएस चेन्नई'वरचे मार्कोस कमांडो जहाजावर उतरले आणि त्यांनी जहाज धुंडाळलं. चाचे निघून गेले होते. 'रुएन' जहाजाचं नशीब वेगळं. डिसेंबर २०२३मध्ये पळवलेलं ते जहाज मार्चमध्ये 'आयएनएस कोलकाता'ने अडवलं. १७ खलाशी सुटले. शरण आलेल्या ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं.