वास लादीला नाही, सांध्याला

बोईसरमध्ये घरात उग्र वास आला की पहिलं बोट एमआयडीसीकडे जातं. तारापूरच्या रासायनिक वसाहतीचा लौकिकच तसा आहे. पण खिडक्या घट्ट लावूनही कोपऱ्यातून डोळे चुरचुरवणारा दर्प येत असेल आणि घरात बोका असेल, तर निदान या एका प्रकरणात कारखाने निर्दोष आहेत.

लादी पुसली, फिनेल मारलं, फरशी चकाचक झाली. उन्हाळाभर सगळं ठीक होतं. जूनमध्ये पाऊस लागला आणि वास परत आला! यात लादीचा काही दोष नाही. हल्लीच्या व्हिट्रिफाइड लाद्या स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाहीत. पितात ते सांधे. दोन लाद्यांमधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत मिस्त्री व्हाइट सिमेंट नाहीतर ग्राउट भरतो. ते सुकलं की त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. मूत्र त्यांतून झिरपत लादीखालच्या थरापर्यंत उतरतं. पोछा फिरतो तो फक्त वरून.

मूत्रात पाण्याखालोखाल असतो युरिया, आणि त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. जिवाणूंकडचं युरिएज हे एन्झाइम तो फोडतं, तेव्हा अमोनिया सुटतो. हे युरिएज स्फटिकरूपात पहिल्यांदा मिळवलं अमेरिकेच्या जेम्स समनर यांनी, १९२६ साली, तेही आपल्या अबईच्या जातकुळीतल्या एका शेंगेच्या बियांतून. समनर मूळचे डावखुरे. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात नेमका डावा हात गेला, तरी प्रयोगशाळेची वाट सोडली नाही. १९४६ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता सिमेंटची करामत. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो: एक विरघळून राहणारं, दुसरं वायू होऊन उडणारं. आम्लात पहिलं वाढतं, अल्कलीत दुसरं. सिमेंट तर पक्कं अल्कलीधर्मी. म्हणजे सांधा मूत्र नुसतं साठवत नाही, त्यातला अमोनिया बाहेरही ढकलतो. बीजिंगमध्ये थंडीत काँक्रीट गोठू नये म्हणून त्यात युरियायुक्त मिश्रण घालत. पुढे त्या काँक्रीटच्या घरांत एकही मांजर नसताना अमोनियाचा दर्प येऊ लागला.

मग पावसाळाच का? युरियाचं उघडं पोतं पावसाळी हवेत ओलं होऊन त्याच्या गुठळ्या बनतात, हे वाडा तालुक्यातल्या कुठल्याही भातशेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तीस अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ७२-७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात आर्द्रता याच्या बरीच वर असते. सांध्यात सुकून बसलेला युरिया पाघळतो आणि जिवाणूंना पुन्हा रान मोकळं होतं.

बोक्याचा दर्प मात्र निव्वळ अमोनियाचा नाही. मांजराच्या मूत्रात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते तयार करायला मदत करणारं कॉक्सिन हे प्रथिन जपानच्या इवाते विद्यापीठातल्या मासाओ मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी शोधलं. फेलिनिन हळूहळू मोडतं आणि गंधकाची तीव्र वासाची संयुगं सुटू लागतात. म्हणून वास तासागणिक चढत जातो. नसबंदी न केलेल्या बोक्यात फेलिनिन सर्वाधिक.

जाहिराती सगळं खापर ‘युरिक ॲसिडच्या स्फटिकां’वर फोडतात. मला ते पटत नाही. कुत्र्या-मांजरांचं शरीर बहुतेक युरिक आम्लाचं रूपांतर अ‍ॅलनटॉइनमध्ये करतं. डाल्मेशियन कुत्रा हा प्रसिद्ध अपवाद. युरिक आम्ल मूत्रातून टाकण्यात आपण माणसंच पुढे.

फिनेलने वास फक्त दबतो. त्यातही फिनॉलवालं फिनेल मांजराला घातक, कारण त्याच्या यकृताला फिनॉल नीट पचवता येत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं ॲसिड वास क्षणात मारतं खरं, पण सोबत सिमेंटही खातं. भोकं मोठी होतात आणि पुढचं मूत्र आणखी खोल जातं. ब्लीचिंग पावडर तर मूत्रावर टाकूच नका. अमोनियाशी तिचा संयोग होऊन क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो. ॲसिड आणि ब्लीच एकत्र केलं तर थेट क्लोरीन.

आधी जागा शोधावी. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात धरला की वाळलेलं मूत्र पिवळट चमकतं. साबण पावडरीतली शुभ्रता देणारी द्रव्यंही चमकतात, पण निळसर. मग साध्या पाण्याने भिजवून फडक्याने टिपून घ्यावं, दोन-तीनदा. त्यावर एन्झाइमवालं क्लीनर सांध्यात मुरेल इतकं ओतून, प्लास्टिक झाकून रात्रभर ठेवावं. फवारा मारून लगेच पुसलं तर पैसे वाया, आणि आदल्या दिवशीचं फिनेल तिथे असेल तर एन्झाइमचं काम बिघडू शकतं. गंधकाच्या वासासाठी मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडतं, पण एन्झाइमचं काम संपल्यावर. रंगीत ग्राउटवर आधी कोपऱ्यात थेंबभर टाकून बघावं.

एवढ्यानेही भागलं नाही, तर सांधा खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्यावा. तो पाणी जवळजवळ पीत नाही. मिस्त्री जास्त पैसे मागेल, ते द्यावेत. फक्त हे काम दिवाळीनंतर काढा. भर पावसाळ्यात खरवडलेला सांधा लवकर सुकत नाही, आणि ओल्या सांध्यात इपॉक्सी धरत नाही.