शुक्पाचा धूप : जुनिपरच्या दोन जाती

आपल्या विहारात वंदनेच्या वेळी मेणबत्ती, अगरबत्ती लावतात. लडाखच्या बौद्ध घरांत जुनिपरच्या वाळलेल्या डहाळ्या निखाऱ्यावर टाकून धूप करतात. या झाडाला तिकडे शुक्पा म्हणतात. पण जुनिपर एकच नाही. त्याच्या दोन जातींची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

पहिली जात शुक्पाची. जुन्या पुस्तकांत तिला ज्युनिपरस मॅक्रोपोडा असे नाव आहे. हे चांगले झाड होते, त्याला जाड खोड येते. पाने बारीक खवल्यांसारखी, डहाळीला चिकटलेली. आपल्या बागेतली मोरपंखी आठवावी.

दुसरी जात ज्युनिपरस कम्युनिस. हिमालयात उंचावर ती जमिनीलगत पसरलेले झुडूप असते. पाने सुईसारखी टोकदार, एका पेरावर तीन-तीन, हाताला टोचणारी. मात्र शुक्पाच्या कोवळ्या रोपालाही सुईसारखी पाने असतात, म्हणून ओळख मोठ्या झाडावरूनच करावी.

दोन्हींना निळसर काळी फळे येतात. खरे तर ती फळे नव्हेत, पाइनच्या शंकूचेच ते मांसल रूप. कम्युनिसची फळे आयुर्वेदात हपुषा या नावाने औषधात वापरतात. परदेशात जिन या दारूला वासही त्यांचाच देतात. जुनिपरच्या काही जाती विषारी आहेत, म्हणून अनोळखी फळ तोंडात घालू नये. गरोदर भगिनींनी तर हपुषाही टाळावी.

आता मुद्द्याचे. त्या थंड, कोरड्या मुलखात लाकूड दुर्मिळ. शुक्पा फार सावकाश वाढतो. तोडलेल्या झाडाची भरपाई एका पिढीत होत नाही. घराला, सरपणाला आणि धुपाला तोच तोडला गेला आणि कमी होत गेला. लडाखमधील हेमिस शुक्पाचन या गावाला तर या झाडांवरूनच नाव पडले. तिथली राई गावकरी पवित्र मानून जपतात.

आपल्यापैकी कोणी लडाखला गेले तर झाड डोळे भरून पाहावे, पण आठवण म्हणून डहाळी मोडू नये. बुद्धाने शीलाचा सुगंध सर्वांत श्रेष्ठ मानला. तो घरी आणायला कोणतेही झाड तोडावे लागत नाही. मुलांना एवढे जरूर सांगा.