भगव्याची सगळी झाडं सारखी का?

सटाण्यातल्या एका बागेतलं 'भगवा' जातीचं डाळिंब फोडा. मग पार दुसऱ्या गावातलं फोडा. तेच लालबुंद टपोरे दाणे, तीच मऊ बी! इतका सारखेपणा आला कुठून?

डाळिंबाचं बी पेरलं तर रोपात गुणांची नवी सरमिसळ होते; फळ गोड निघेल की आंबट, सांगता येत नाही. म्हणून शेतकरी गुटी कलम करतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडायची, तिच्यावरची बोटभर रुंदीची साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ लावून वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं डोकावतात. फांदी कापून लावली की झालं नवं झाड! पण नवं म्हणायचं तेवढंच. आतून ते जुन्याच झाडाचं जुळं भावंड असतं.

या भगव्याची वंशावळ मात्र मोठी रंगतदार आहे. 1936 मध्ये पुण्याच्या गणेशखिंडीत फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांनी आळंदी जातीच्या झाडांतून मऊ बियांचं एक झाड निवडलं. तेच पुढे 'गणेश' झालं. त्याचे दाणे फिकट गुलाबी. मग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा संकर रशियाकडच्या लालभडक 'गुल-ए-शाह रेड'शी झाला. त्याच संकरातून मृदुला, आरक्ता आणि भगवा हे वाण आले. भगव्याची साल जाड, त्यामुळे दूरच्या प्रवासातही फळ टिकतं. शेतकऱ्यांनी तो उचलून धरला, आणि बाकीच्या जाती बागांतून मागे पडत गेल्या.

मग आला तेल्या! हा जिवाणूंचा रोग. फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकतं. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू झाडावरून झाडावर जातात. शेजारचं झाडही हुबेहूब तसंच, मग रोगाला अडवणार कोण? सटाणा, मालेगाव, देवळा भागात कितीतरी जणांना बागा उपटाव्या लागल्या. हाताशी आलेलं पीक असं जाताना पाहणं फार वाईट.

अशा वेळी उपयोगी पडू शकतात ती कुणी लावत नाही अशी, वेगळ्या गुणांची झाडं. हिमालयाच्या डोंगरउतारांवर 'दारू' नावाचं रानटी डाळिंब उगवतं. फळ लहान आणि इतकं आंबट की तोंड वाकडं होईल! सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात अशा नाना जाती जपून ठेवल्या आहेत. तिथल्याच 'सोलापूर लाल' या वाणात भगवा आणि गणेशबरोबर दारूचंही रक्त आहे, आणि त्याच्या दाण्यांत लोह व जस्त भगव्यापेक्षा जास्त आहे. तेल्याला दाद न देणारं गोड डाळिंब मात्र शास्त्रज्ञ अजून शोधताहेत.

तुम्हीही एक करा. डाळिंब खाल्लं की चार बिया धुऊन कुंडीत पेरा. काही वर्षांनी फळ धरलं की रंग आणि चव वहीत लिहून ठेवा. आणि हो, फळ आंबट निघालं म्हणून झाड उपटू नका!